तक्ता तोंडपाठ आहे, पण “ते नाशिकला का नाही आले?” याचं उत्तर मुलांना कसं द्यायचं?

सिडकोची शिकवणी:

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोत राहते आणि संध्याकाळी सहा ते आठ घरीच शिकवणी घेते. पाचवी ते आठवीची नऊ मुलं आहेत. बहुतेकांचे वडील अंबडला नाहीतर सातपूरला कंपनीत कामाला. हे मुद्दाम सांगतेय, कारण अडचण तिथूनच सुरू झाली.

आठवीच्या मुलांना युरोपीय लोकांच्या सुरुवातीच्या वसाहती शिकवत होते. तक्ता सगळ्यांना पाठ: पोर्तुगीज गोवा १५१०, इंग्रज सुरत १६१३, डेन (डेन्मार्कचे लोक) त्रांकेबार (तमिळनाडूत) १६२०, फ्रेंच पुद्दुचेरी १६७४. धडाधड म्हणून दाखवतात. मग मी विचारलं, सुरतेला इंग्रजांची फॅक्टरी होती म्हणजे नक्की काय होतं? एक म्हणाला, मशिनी असतील, तीन शिफ्ट चालत असतील. पुस्तकात ‘वखार’ लिहिलंय म्हटल्यावर दुसरी म्हणाली, म्हणजे लाकडाची का? आणि ‘वसाहत’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे औद्योगिक वसाहत. यात मुलांची चूक काहीच नाही. त्यांनी हे शब्द जिथे पाहिले तिथलाच अर्थ लावला.

हे चाललेलं असताना सहावीतला एक मुलगा शेजारी गणितं सोडवत बसला होता. त्यानं मान वर केली आणि विचारलं, “बाई, मग ते नाशिकला का नाही आले?” मी पटकन म्हटलं, इथे समुद्र नाही ना. तो गप्प बसला, पण रात्री मलाच ते उत्तर अपुरं वाटायला लागलं. कलकत्ता समुद्रापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत आहे, तिथे कसे गेले? मद्रासला समुद्र होता पण धड बंदर नव्हतं, तरी १६३९ मध्ये तिथे जागा का घेतली? म्हणजे ‘समुद्र’ एवढ्या एका शब्दात हे बसत नाही.

मला हे नीट शिकवायचं आहे. नकाशावर बोट ठेवून मुलानं स्वतः म्हणावं की इथेच का, शेजारच्या गावात का नाही. माझ्याकडे एक भिंतीवरचा जुना नकाशा, दोन अ‍ॅटलास आणि वर मोकळी गच्ची एवढंच आहे. कोणी असं शिकवलं असेल तर कृपया सांगा.

कांदा_निफाड:

ताई, वखारीपुरतं मी सांगतो. आमच्या घरी तीन पिढ्या कांद्याचा व्यापार आहे, लासलगावला गाळा आहे. फॅक्टरी हा शब्द ‘फॅक्टर’वरून आला आणि फॅक्टर म्हणजे मालकाच्या वतीनं परगावी खरेदी-विक्री करणारा माणूस. मुलांना सांगा, ईस्ट इंडिया कंपनीचा अडत्या. तो जिथे राहतो, माल साठवतो, हिशेब लिहितो ती फॅक्टरी, आपली वखार. तिथे मशीन नाही.

साठवायचं कशासाठी, हे तर नाशिक जिल्ह्यातल्या पोराला एका मिनिटात कळेल. उन्हाळ कांदा निघतो तेव्हा सगळ्यांचा एकदमच निघतो. ज्याच्याकडे कांदा साठवायची चाळ आहे तो थांबू शकतो, ज्याच्याकडे नाही त्याला मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. तसंच जहाजांचं. जहाज बंदराला लागल्यावर कापड, नीळ, मिरी घ्यायला निघाला तर सगळा बाजार ओळखतो की याला घाई आहे. भाव चढणारच. म्हणून माणसं वर्षभर तिथे ठेवायची, विणकरांना आगाऊ पैसे द्यायचे, माल सवडीनं गोळा करून ठेवायचा आणि जहाज आलं की भरून द्यायचा. एकदा चाळीत घेऊन जा मुलांना. आमच्याकडे आणलंत तरी चालेल.

भूगोल_पंचवटी:

बाई, त्या सहावीतल्या मुलाला माझी शाबासकी कळवा. मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. हा प्रश्न मला वर्गात दोनदाच ऐकायला मिळाला.

नकाशा भिंतीवरून काढा आणि परात घ्या, मोठी, पीठ मळायची. ओल्या मातीनं तिच्यात पश्चिम किनारा करा आणि किनाऱ्याला समांतर सह्याद्रीचा बांध घाला, चांगला वीतभर उंच. उत्तरेला तापीचं खोरं मात्र मोकळं सोडा. आता काडेपेटीची बैलगाडी करा आणि मुलांना म्हणा, बुऱ्हाणपूरहून माल समुद्रावर न्या, पण गाडी उचलायची नाही. दोन-तीन वेळा बांधाला अडकतील, मग आपोआप तापीच्या वाटेनं नंदुरबारवरून सुरतेला उतरतील. सुरत का, हे त्यांच्या हातांना कळलेलं असेल. आग्र्यापर्यंतचा माल त्या बाजूनं येत होता, मुघल बादशहाचं मोठं बंदर तेच होतं आणि हजचे यात्रेकरूही तिथूनच जहाजात बसत.

पण सुरतही समुद्रावर नाही, तापीच्या काठी आत आहे, आणि नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे. खोल बुडाची जहाजं आत येत नसत. ती मुखाच्या उत्तरेला सुवाळीला नांगर टाकत, कारण तिथे वाळूच्या बांधाआड पाणी खोल आणि शांत होतं. माल पुढे गाड्यांनी सुरतेला जायचा. १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांची आरमारी लढाई झाली ती याच सुवाळीपाशी, आणि त्यानंतर लगेच इंग्रजांना वखारीची परवानगी मिळाली. मुलांना शहराचं नाव पाठ असतं, पण जहाज जिथे प्रत्यक्ष थांबलं ती जागा कोणी दाखवत नाही. मला ती दाखवायला फार आवडायची.

मग टेबलफॅन. टबात कागदी होड्या सोडा आणि पंखा नैर्ऋत्येकडून लावा. जून ते सप्टेंबर असा वारा असतो, पश्चिम किनारा खवळलेला, बंदरं बंद. पावसाळा सरताना युरोपातली जहाजं पोचायची आणि पुढे ईशान्येकडून वारा सुरू झाला की जानेवारीच्या सुमारास भरून परत निघायची. पंखा दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलात की होड्या उलट निघतात. निफाडच्या भाऊंनी सांगितलेली चाळीची गोष्ट इथे जोडा. मधले महिने माल ठेवायला वखार हवीच.

आता ‘नाशिकला का नाही’. एक, कसारा घाट. वाट जुनी आहे, पण बैलगाडीला ती चढण फार. मुंबईचं बंदर सुरतेपेक्षा किती तरी चांगलं, तरी सुरुवातीला मागे पडलं, कारण पाठीशी हीच भिंत. कंपनीनं आपलं मुख्य ठाणं १६८७ मध्ये सुरतेहून मुंबईला नेलं, पण घाट खऱ्या अर्थानं मोकळा झाला तो १८६५ मध्ये रेल्वे वर आली तेव्हा. दुसरं, त्यांना इथे यायची गरजच नव्हती. आतला माल आपले व्यापारी खाली आणून देत होते.

आणि ते आले नाहीत तरी सुरतेच्या वखारींची गोष्ट आपल्या जिल्ह्यातून गेली आहे. महाराजांनी ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली, परतताना १७ ऑक्टोबरला मुघल सरदार दाऊदखानाशी लढाई झाली ती वणी-दिंडोरीजवळ. तुमची मुलं सप्तशृंगीला जातात तोच मुलूख.

आणखी एक. परदेशी माणूस नाशिकला कधी आलाच नाही असं मात्र सांगू नका. पांडवलेण्यांतलं सतरा नंबरचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाच्या (म्हणजे ग्रीक माणसाच्या) दानातून झालं आहे, तसा लेख तिथे कोरलेला आहे. दहा नंबरच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात यानं भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्याचा उल्लेख आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे नालासोपारा. दोन्ही बंदरं. गोवर्धन आपलं, गंगापूर रस्त्यावरचं. सुमारे चौदाशे वर्षांनी पोर्तुगीज वसईत बसले, ते सोपाऱ्याच्या शेजारीच.

स्कॉलरशिप_पालक:

हे सगळं छान आहे, पण परीक्षेला सन आणि ठिकाणं जोड्या लावायलाच येतात. नऊ मुलं घेऊन माती कालवत बसलात तर अभ्यासक्रम कधी पुरा करणार? तक्ता सोडू नका एवढंच म्हणणं.

वसईची_माहेरवाशीण:

सरांनी वसईचं नाव काढलं म्हणून राहवलं नाही. माझं माहेर वसई, सासर गंगापूर रोड. कसारा घाट उतरला की शहापूर, कल्याण, मग खाडी आणि खाडीच्या तोंडाशी वसई. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं ती पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली. दोनशे वर्षं. मुलांना किल्ला दाखवायला आणलंत तर एक गोष्ट आवर्जून सांगा, की तिथे आधीपासून माणसं राहत होती. कोळी, कुणबी, भंडारी, सामवेदी. त्यांच्या वाड्या, पानमळे, केळीच्या बागा होत्या. तहात एका सुलतानानं दुसऱ्या राजाला जमीन दिली तेव्हा वाडीतल्या कोणाला कोणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे आजही एकाच आडनावाची दोन घरं असतात, एकात देव्हारा, दुसऱ्यात क्रूस. ‘वसाहत वसवली’ या दोन शब्दांत हे काहीच येत नाही, आणि मला वाईट वाटतं ते त्याचंच.

मुंबईची गोष्टही सांगा, नकाशाचं महत्त्व त्यातून पटकन कळतं. इंग्लंडच्या राजाचं पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरलं, त्या १६६१ च्या तहात पोर्तुगालनं ती त्याला दिली. पण नेमकं काय काय दिलं? इंग्रजांना वाटलं साष्टी, ठाणं सगळं आलं. इथला पोर्तुगीज अधिकारी म्हणाला, फक्त मुंबई बेट. वाद मिटेपर्यंत इंग्रज सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पडून राहिले आणि त्यातले बहुतेक आजारानं मेले. ताबा मिळाला १६६५ मध्ये, आणि १६६८ मध्ये राजानं ते बेट वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकलं. मुलांना आधी दोन रंगांत दोन नकाशे काढायला लावा, एक इंग्रजांच्या मनातला आणि एक पोर्तुगीजांच्या.

शरणपूर_रोड:

थोडं नंतरच्या काळातलं, पण नाशिकचंच. आपलं शरणपूर हीदेखील एक वसवलेली वस्तीच, १८५४ च्या सुमारास मिशनऱ्यांनी उभी केलेली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकत होती. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता आणि १८७४ मध्ये त्याचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. शरणपूरची काही माणसं मग मोंबासाजवळ फ्रियरटाउन नावाच्या नव्या वस्तीत राहायला गेली. मुलं रोज तिथून रिक्षानं जात असतील, म्हणून सांगितलं.

सिडकोची शिकवणी:

सगळ्यांचे मनापासून आभार. स्कॉलरशिपवाल्या दादा, तक्ता सोडलेला नाही. पण रविवारी गच्चीवर परात झाली, आणि त्यानंतर तक्ता म्हणताना मुलं प्रत्येक नावाला थांबून ‘कारण’ म्हणायला लागली आहेत. मद्रासला एक मुलगी म्हणाली, “बंदर नव्हतं, पण कापड स्वस्त होतं आणि नायकानं, म्हणजे तिथल्या सरदारानं, किल्ला बांधू दिला.” जहाज दूर उभं करून मसुला होड्यांतून माल लाटांवरून आणायचे, आणि त्या होड्यांना खिळे नसत, फळ्या काथ्यानं शिवलेल्या असत, हे सांगितल्यावर अर्धा तास तेच चाललं. दोघांनी सुतळीनं पुठ्ठा शिवून होडी केली. ती बुडाली. पुन्हा करताहेत.

सहावीतल्या त्या मुलासाठी मी वेगळं ठेवलं होतं. त्याला अ‍ॅटलास दिला आणि म्हटलं, आपली गंगा, म्हणजे गोदावरी, त्र्यंबकहून निघते, तिच्यावर बोट ठेव आणि उचलू नको. पैठण, नांदेड, भद्राचलम, राजमहेंद्री. पुढे नदी फुटते तिथे अडखळला. मी म्हटलं, वरच्या फाट्यानं, गौतमीनं जा. समुद्राच्या थोडं अलीकडे त्याचं बोट यानमवर थांबलं, आणि त्यानं विचारलं, आंध्रात असून याला पुद्दुचेरीचा रंग का दिलाय? मग सांगितलं की १७२३ मध्ये फ्रेंचांनी तिथे वखार घातली आणि १९५४ पर्यंत ते गाव त्यांच्या ताब्यात होतं. दुसऱ्या फाट्यावर नरसापूरजवळ माधवपालेमला इंग्रजांची वखार होती आणि तिथल्या सुती कापडाला युरोपात गावाचंच नाव पडलं, मादापोलम.

बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, “म्हणजे आपल्या नदीवर आलेच होते की.” आणि लगेच पुढचं, “तिथून होडीनं वर नाशिकपर्यंत का नाही आले?”

पंचवटीच्या सर, उन्हाळ्यात रामकुंडाच्या वर नदीत पाणी किती असतं ते त्यानं पाहिलंय, तेवढं त्याला पटलं. पण मधला टप्पा, राजमहेंद्रीच्या वर पापी टेकड्यांत नदी अरुंद होते तो भाग, मला परातीत कसा दाखवायचा ते सुचत नाही. येत्या रविवारी सकाळी आम्ही पांडवलेण्यांना जातोय, आठला पायथ्याशी. तुम्हाला जमलं तर याल का? दहा नंबरच्या लेण्यातलं ‘गोवर्धन’ मुलांना तुम्हीच वाचून दाखवावं असं फार वाटतं.