एका स्टॉपरवर बचाव उभा राहत नाही

फुटबॉलच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, 'तगडा स्टॉपर (बचावाच्या मधोमध खेळणारा) आणा, गोल थांबतील.' पटत नाही. गोल बहुतेक वेळा दोन बचावपटूंच्या मधल्या फटीतून होतो, आणि ती फट कुणाची हे आधी ठरलेलंच नसतं.

बचावाच्या ओळीतल्या चौघांत एकमेकांपासून ८ ते १० मीटर अंतर ठेवा. समोरच्यांनी चेंडू मागे खेळला की ओळ ५ मीटर वर सरकवायची. चेंडूवाल्यावर दबाव नसेल आणि त्याची मान वर असेल तर लगेच मागं यायचं. ऑफसाइडचा सापळा (ओळ एकदम वर नेऊन आक्रमकाला बचावाच्या मागं अडकवायचा डाव) फसतो तो वर सरकतानाच: तिघं वर येतात, चेंडूपासून लांबच्या बाजूचा बचावपटू जागीच राहतो. सरावात रोज १५ मिनिटं चार बचावपटू विरुद्ध सहा आक्रमक खेळवा.

कॉर्नरला कोण कुणाला धरणार हे सामन्याआधी फळ्यावर नावानिशी लिहा. गोल खाल्ला तर ज्याचं नाव तिथं आहे त्यानं आधी बोलायचं, बाकीच्यांनी नंतर.

कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी या संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर हाक ऐकूच जात नाही, त्यामुळं हाताच्या खुणा हव्यातच. आणि सतरा वर्षांच्या पोराला जुन्या खेळाडूशेजारी खेळवा, पण सरावात ओळ वर-मागं करायचा हुकूम त्या पोरालाच देऊ दे. चुकला तर तिथंच खेळ थांबवून दाखवा.