शिट्टीच्या दोरीचे वळ : कॉलेजातल्या कोचचे अनुभव सांगा

सुमाताई_टिळकवाडी
काल भाची खो-खोच्या प्रॅक्टिसवरून आली, पोटरीवर वळ. शिट्टीच्या दोरीचे. "पडले" म्हणाली. पडून असे वळ उठत नाहीत. माझ्या कॉलेजच्या वेळी आम्ही धारवाडला सेमीफायनल हरलो तेव्हा येताना कित्तूर ओलांडल्यावर सरांनी टेम्पो थांबवला, मुलींना हायवेवर पळायला लावलं, मागून हेडलाइट मारत. प्राचार्यांच्या कानावर गेलं तर हसले. म्हणे, मग कप आणायचा की! सरांचं सोडा, मला अजून राग त्या हसण्याचा येतो. तुमच्याकडं काय?

खानापूरकरीण
आमचे मारत नव्हते. वजनावरून बोलायचे, पोरांसमोर. घरी सांगितलं असतं तर खेळच बंद. कुकर लावलाय, नंतर लिहिते

आडदांड_रेडर
आमचे पीडी सर, म्हणजे खेळाचे सर, शिकवायचे मराठीत, शिव्या कन्नडात. माझं कन्नड तिथंच पक्कं झालं, आता गोकाकला नोकरीत उपयोगी पडतंय 😄

निपाणीचा_बाळू
मार खाल्ला म्हणूनच युनिव्हर्सिटी ब्लू झालो, म्हणजे विद्यापीठाच्या टीममध्ये गेलो. आताची पोरं लई नाजूक

खानापूरकरीण
बाळूदादा, तुमच्या टीममधले किती जण पुढच्या वर्षी ग्राऊंडवर होते?

निपाणीचा_बाळू
अर्धेपण नव्हते. पण ते कॉमर्सवाले होते 😅

न्यूजर्सीत_बेळगावकर
इथं रटगर्स विद्यापीठात बास्केटबॉलचा कोच पोरांना ढकलायचा, अंगावर बॉल फेकायचा, घाण बोलायचा. क्रीडा संचालकानं २०१२ लाच व्हिडिओ बघितला. तीन मॅच घरी बसवला, दंड केला, विषय संपला. एप्रिल २०१३ ला तोच व्हिडिओ टीव्हीवर आला, मग कोच गेला आणि पाठोपाठ संचालकपण.

पीटी_मास्तर
मी गेस्टवर होतो, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर. कप नाही तर पुढच्या वर्षी ऑर्डर नाही, मॅनेजमेंट तोंडावर सांगायचं. म्हणून हात उगारावा असं नाही. पण त्यांना कोण विचारतंय?

कोर्टातली_काकू
सुमा, वळांचे फोटो आजच काढ. २०१३ च्या कायद्यानं कॉलेजात अंतर्गत समिती असायलाच पाहिजे, पण ती लैंगिक छळासाठी. खानापूरकरीण, तुझं प्रकरण तिथं नेता आलं असतं कदाचित. मारहाणीला प्राचार्यांकडं लेखी अर्ज, नाही ऐकलं तर पोलीस.

सुमाताई_टिळकवाडी
भाची तयार झाली तर सोमवारी जाऊ. अर्ज मराठीत चालेल काय?

आडदांड_रेडर
घेतील, आणि भाषांतर करून आणा म्हणून फिरवतील. कन्नडात मी लिहून देतो ताई. शिव्या वगळून 😄 अर्ज मिळाल्याचा इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका तिथनं.