एच-४ आणि जोडीदाराची नोकरी

नवऱ्याला एच-१बी, म्हणजे अमेरिकेत नोकरी करण्याचा व्हिसा, मिळाला की एच-४, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर अमेरिकेत येणाऱ्या पत्नीला लगेच नोकरी धरता येते का, असा प्रश्न पडतो. तशी सरसकट मुभा नाही. मे २०१५पासून लागू असलेल्या नियमानुसार, एच-१बीधारकाचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला अर्ज, मंजूर झालेला असेल, किंवा ग्रीन कार्डच्या प्रक्रियेमुळे त्याला एच-१बीच्या नेहमीच्या सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, तरच जोडीदाराला ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना, मागता येतो. आणि तो आय-१४० सहसा कंपनीच भरत असल्यामुळे, स्थळ पाहताना मुलाच्या पगाराइतकीच त्याच्या कंपनीच्या ग्रीन कार्ड धोरणाची चौकशी करावी (पत्रिका नंतर पाहिली तरी चालेल).

खरी अडचण ईएडीच्या नूतनीकरणात आहे. ३० ऑक्टोबर २०२५पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. माझ्या पत्नीच्या ईएडी कार्डाची मुदत संपली त्या शुक्रवारी तिने लॅपटॉप जमा केला आणि नवे कार्ड टपालाने येईपर्यंत ती बिनपगारी घरी बसली. अर्ज १८० दिवस आधी करता येतो, तेव्हाच करावा. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ व्हिसावर मात्र नोकरीची परवानगीच नसते.