दुसरा सीझन स्लो? नाही पटलं बे

वर दोघातिघांनी लिहिलंय की पीकी ब्लाइंडर्स या बर्मिंगहॅमच्या गँगवरच्या ब्रिटिश सिरीजचा दुसरा सीझन पहिल्यापेक्षा स्लो आहे आणि गँगचा म्होरक्या टॉमीला लंडनला नेऊन उगाच पसारा वाढवला. सहाच तर एपिसोड आहेत, मी शनिवारी रात्री लावले ते शेवटचा संपला तेव्हा खाली दूधवाला हॉर्न मारायला होता.

लंडनचा गुंड अल्फी सॉलोमन्स आला की बाकी सगळे फिके. पाटी बेकरीची आन आत रम, आणि त्याचं काम करणारा टॉम हार्डी असा पुटपुटतो की सबटायटल लावूनही दोनदा मागं न्यावं लागतं, तरी हा माणूस आता मिठी मारंल का डोकं फोडंल काय कळत नाही. लंडनचाच दुसरा गँगवाला सबिनी मात्र नुसताच चिडका वाटला, खरा डार्बी सबिनी रेसकोर्सवरच्या बुकींकडून वसुली करायचा, तो दरारा इथं दिसत नाही.

टॉमीच्या भावावर, आर्थरवर कुणीच बोलंना राव. पहिल्या महायुद्धावरून आलेला माणूस, बॉक्सिंगच्या रिंगमध्ये त्या पोराला मारत सुटतो आणि थांबायचं कसं तेच विसरतो, तिथं मी पॉज करून पाणी पिऊन आलो.

आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये होते, त्यांना इंग्रजी येत नाही, पण बर्मिंगहॅमचा धूर आन काजळी बघून म्हणले, हे तर भोंगा झाल्यावरचं आपलंच सोलापूर की.

(पुढं स्पॉयलर.) त्याला मारून पुरायला खणलेल्या खड्ड्यापाशी टॉमी सिगारेट ओढतो तो सीन बघून पण स्लो म्हणायलाव काय?