प्रभारी मुख्याध्यापकपद घ्यावं की नकार लिहून द्यावा?

प्रश्न:
आमचे मुख्याध्यापक सर ३१ मे रोजी निवृत्त होताहेत. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, ज्येष्ठतेत पुढचा नंबर माझा. एकोणीस वर्षं शिकवतेय, वर्गाची भीती नाही. भीती आहे ती शालेय पोषण आहाराच्या तांदळाच्या कोठीची. पाचवीपर्यंत मुलामागे १०० ग्रॅम, पुढे १५०. हजेरी, शिजवलेलं, शिल्लक यांचा मेळ रोज बसायला हवा. गेल्या पावसाळ्यात पोत्याला उंदीर लागले, अकरा किलो कमी भरले. सरांनी पदरचे पैसे घातले, मी समोर होते. काय करू?

उत्तर १:
तीन वर्षं प्रभारी होते. चार्ज मिळाला म्हणून वर्ग सुटत नाही, ताई. भागाकार शिकवताना फोन यायचा, ‘अर्ध्या तासात माहिती भरा.’ मुलं खडू हातात धरून माझी वाट बघत बसायची. मला तेच सोसवलं नाही. पुन्हा घेणार नाही.

उत्तर २:
माझं मत वेगळं आहे. घ्या, पण पोतं न् पोतं वजन करून. तफावत चार्ज यादीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या. आणि शाळा व्यवस्थापन समितीला कोठी दाखवा. कायद्यानं तिच्यात ७५ टक्के पालकच असतात, महिन्याला शिल्लक त्यांच्यासमोर मोजा. एकटीच्या अंगावर काही ठेवू नका.

प्रश्नकर्ती:
वजनाचं सुचलंच नव्हतं. सरांशी बोलले, शनिवारी काटा आणतोय. पण चौथीचा वर्ग माझ्याकडेच राहणार, त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.