जुन्या बिलाची थकबाकी आणि आजाराची माहिती व्यापाऱ्यांच्या गटात उघड झाली. कोणते मार्ग खुले आहेत?

प्रश्न : खोकीवाला, सांगली

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा छोटा कारखाना असून सांगली आणि तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांना मी पंधरा किलोची खोकी पुरवतो. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनामुळे मी एका खासगी रुग्णालयात दाखल होतो. मूत्रपिंडाचा विकार आधीपासून असल्याने त्याच मुक्कामात डायलिसिसही करावे लागले. बिल दोन लाखांच्या आसपास झाले. त्यात साध्या वॉर्डातील खाटेचा दर शासनाने ठरवून दिलेल्या दरापेक्षा बराच अधिक लावला होता, म्हणून मी लेखी हरकत घेतली, तिच्या प्रतीवर पोच घेतली आणि मला मान्य असलेली रक्कम भरून घरी आलो. उरलेल्या साठेक हजारांविषयी रुग्णालयाने त्यानंतर ना हरकतीचे उत्तर दिले, ना कधी नोटीस पाठवली.

मागच्या महिन्यात रुग्णालयाच्या वतीने वसुली करणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. मी हरकतीची आठवण करून दिली, तेव्हा त्यांनी फोन ठेवला आणि त्याच आठवड्यात माझ्या संपूर्ण बिलाचे छायाचित्र आमच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात आले. वर माझे नाव आणि वय, मध्ये ओळीने डायलिसिसच्या तारखा, तळाशी लाल शाईने गोल केलेली बाकी आणि सोबत ‘यांच्याशी व्यवहार जपून करावा’ असा मजकूर. गटात बाजारातील बहुतेक सगळे आहेत.

परिणाम लगेच दिसले. माझा कागदाचा पुरवठादार आता उधारी बंद करून रोखीने माल नेण्यास सांगतो. बँकेच्या कॅश क्रेडिटच्या, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जमर्यादेच्या, नूतनीकरणासाठी जामीन राहणाऱ्या स्नेह्यांनी नम्रपणे अंग काढून घेतले. दुसऱ्या यंत्रासाठी भागीदारीत पैसे घालणारे व्यापारी ‘तुमच्या तब्येतीचे बघून पुढच्या वर्षी ठरवू’ असे म्हणाले, आणि मला सर्वांत जास्त लागले ते हेच, कारण थकबाकीचा खुलासा करता येतो, आजाराचा काय करणार? ही रक्कम मी आज देणे लागतो का, आजाराची माहिती अशी उघड करता येते का आणि बुडालेल्या व्यवहाराची भरपाई मिळू शकते का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त बँक कर्मचारी, विश्रामबाग

कर्जाच्या बाजूपुरते सांगतो. रुग्णालयाची बाकी सिबिलच्या अहवालात येत नाही, कारण पतमाहिती कंपन्यांना अशी माहिती बँका, वित्तसंस्था यांसारख्या कर्ज देणाऱ्या सभासद संस्थांकडून जाते आणि रुग्णालय त्यांत मोडत नाही. बिलासाठी हप्त्यांचे कर्ज काढले असेल किंवा क्रेडिट कार्ड वापरून ते थकवले असेल, तरच ती नोंद दिसेल. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो काढून शाखाधिकाऱ्यांपुढे आणि जामीनदारांपुढे ठेवावा. जामीनदाराच्या मनात बहुधा हीच भीती असते की कुठेतरी आणखी थकबाकी लपलेली आहे.

उत्तर : मिरजकर

साहेब, वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत सप्टेंबर २०२३ मध्येच संपली. आता एक रुपयाही देऊ नका आणि थेट अब्रुनुकसानीचा दावा ठोका.

उत्तर : वकील, जिल्हा न्यायालय

वरील उत्तरात निष्कर्ष जवळपास बरोबर असला तरी हिशोब चुकला आहे. सेवेच्या मोबदल्यासाठी दावा करण्याची मुदत तीन वर्षे आहे हे खरे. परंतु कोरोनाकाळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला होता. आपले बिल त्याच काळातील असल्याने मुदत १ मार्च २०२२ पासून मोजली जाईल आणि ती फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. आता रुग्णालयाला दिवाणी दावा लावून वसुली करता येणार नाही. तरीही मुदतबाह्य देणे म्हणजे नाहीसे झालेले देणे नव्हे, ते मागण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि आपण सहीनिशी ‘ही रक्कम देईन’ असे लिहून दिलेत तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते वचन नव्याने बंधनकारक ठरते. म्हणून रागाच्या किंवा भिडेच्या भरात व्हॉट्सॲपवर ‘हप्त्याने देतो’ असे काही लिहू नये.

बिलाच्या रकमेबद्दल आपली हरकत बळकट दिसते. शासनाच्या २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील ऐंशी टक्के खाटांसाठी दैनंदिन कमाल दर ठरवले होते : साधा वॉर्ड ४,००० रुपये, अतिदक्षता विभाग ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. खाट, शुश्रूषा, डॉक्टरांची तपासणी व जेवण त्यातच धरलेले होते. पीपीई किट, महागडी औषधे आणि सीटी स्कॅनसारख्या तपासण्या त्याबाहेर होत्या. आपली खाट त्या ऐंशी टक्क्यांतील होती का, हे आधी पाहावे.

आता मुख्य मुद्दा. बाकी खरी असो वा खोटी, तिच्यामुळे रुग्णाच्या माहितीवरील गोपनीयतेचे बंधन सुटत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाविषयी कळलेली गुपिते डॉक्टरांना उघड करता येत नाहीत. न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले रोग एवढेच त्याला अपवाद आहेत. १९९८ मध्ये एका रुग्णाचा एचआयव्हीबाधित असल्याचा अहवाल उघड झाल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाची बाजू मान्य केली होती, पण ती त्याच्याशी विवाह करणाऱ्या स्त्रीच्या आरोग्यास धोका होता म्हणून. बेदाणा व्यापाऱ्यांना आपल्या डायलिसिसपासून कोणता धोका आहे?

मात्र वैद्यक परिषद डॉक्टरांवर कारवाई करू शकते, वसुली करणाऱ्या इसमावर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला असला तरी खासगी रुग्णालयाविरुद्ध त्याचा थेट वापर करणे सोपे नाही. वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यामुळे माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत सरळ दार ग्राहक आयोगाचे आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्यास उघड करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या व्याख्येतच अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि तक्रारीची दोन वर्षांची मुदत माहिती उघड झाल्यापासून मोजता येईल. अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्याला एकच वर्ष मिळते, आणि ‘बाकी होतीच’ हा बचाव समोरून येणारच, म्हणून मी तो मार्ग पहिला धरणार नाही.

भरपाईविषयी खोटी आशा दाखवत नाही. बुडालेला व्यवहार आणि तो संदेश यांचा संबंध कागदावर दिसला पाहिजे. पुरवठादाराने उधारी बंद केल्याचा ई-मेल, भागीदारीच्या बोलणीचे जुने संदेश आणि संदेशाआधीची व नंतरची खरेदीची बिले एकत्र ठेवावीत. मूळ संदेश असलेला फोन बदलू नये व गट सोडू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे तो कोणत्या उपकरणातून कसा घेतला हे सांगणारे, प्रमाणपत्र जोडावे लागते.

उत्तर : रुग्णालय व्यवस्थापन, मिरज

आमची बाजूही नोंदवतो. कोरोनाकाळातील बाकी अनेक रुग्णालयांच्या वहीत अजून तशीच आहे आणि ती बाहेरच्या माणसांकडे टक्केवारीवर सोपवली जाते, हे उघड गुपित आहे. परंतु वसुलीसाठी द्यायचा कागद वेगळा असतो, निदान असायला हवा. त्यावर बिल क्रमांक, नाव, बाकी एवढेच असते. तपशीलवार बिलात प्रत्येक ओळ आजार सांगते, म्हणून ते रुग्ण, त्याचे नातेवाईक आणि विमा कंपनी यांच्यापलीकडे जाता कामा नये. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली तक्रार जरूर करा. नोंदणीचा विषय निघाला की व्यवस्थापन जागे होते. बिल त्या गृहस्थांच्या हाती कोणी दिले, हे मात्र रुग्णालयाला लेखी विचारा.

खोकीवाला, सांगली

सर्वांचा आभारी आहे. संदेश पडल्यानंतर रुग्णालयातून दूरध्वनी आला असून, निम्मी रक्कम भरल्यास प्रकरण मिटवू आणि पत्र देऊ, असे ते म्हणतात. बेदाण्याच्या हंगामाआधी ऑर्डरी नक्की व्हायच्या आहेत, त्यामुळे पैसे देऊन मोकळे व्हावे असे घरच्यांचे मत आहे. पैसे भरल्यास गोपनीयतेची तक्रार कमकुवत होईल का?

उत्तर : अडत दुकान, मार्केट यार्ड

दादा, ना-देय पत्र, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचे पत्र, हातात असेल तर बाजारात बोलणे फार सोपे होते, हा माझा अनुभव आहे. पण ते गटात टाकू नका, त्याने विषय पुन्हा चघळला जाईल. कागदाचा पुरवठादार आणि जामीनदार या दोघांना समक्ष भेटून दाखवा. भागीदारांना तब्येतीविषयी किती सांगायचे, ते तुमचे तुम्ही ठरवा.

उत्तर : वकील, जिल्हा न्यायालय

नुसती रक्कम भरल्याने तक्रार कमकुवत होत नाही. तडजोडीच्या पत्रातील एखाद्या ओळीने मात्र होऊ शकते. अशा पत्रांत ‘रुग्णाची रुग्णालयाविरुद्ध कोणतीही तक्रार राहिलेली नाही’ असे छापील वाक्य बहुधा असते. ते खोडून घ्यावे आणि त्या जागी ‘ही रक्कम हरकत कायम ठेवून, केवळ बिलापोटी, पूर्ण व अंतिम म्हणून दिली’ असे लिहून घ्यावे. रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी, रोखीने नको. पत्र रुग्णालयाच्या शिक्क्यासह अधिकृत व्यक्तीच्या सहीचे असावे. वसुली करणाऱ्या गृहस्थांच्या सहीचे पत्र स्वीकारू नये. हे वाक्य बदलण्यास त्यांनी नकार दिला, तर पैसे न भरता आधी ग्राहक आयोगात तक्रार दाखल करावी.