मदत हवी आहे: दहावीची रासायनिक समीकरणे चित्राने कशी समजवावीत?

राम राम मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. भाचा दहावीला, मराठी माध्यम. समीकरण वाचतो नीट, पण संतुलित करताना (बाणाच्या दोन्ही बाजूंचे अणू सारखे करताना) सूत्रातला खालचा आकडाच बदलतो. ऑक्सिजन कमी पडला की पाण्याच्या सूत्रात (H2O) ऑक्सिजनखाली २ लिहून मोकळा. म्हणजे झालं हायड्रोजन पेरॉक्साइड! आकडा सूत्राच्या आधी लावायचा हे पाठ आहे, गळी उतरत नाही.

गोबरगॅसमधल्या मिथेनचं ज्वलन गोळे काढून दाखवलं: १ मिथेन, २ ऑक्सिजन, बाणापुढे १ कार्बन डायऑक्साइड, २ पाणी. ते पटलं. पण लोह आणि वाफेच्या अभिक्रियेत ३ लोह, ४ पाणी. गोळ्यांनीच पान भरतं. याहून सुटसुटीत कसं काढता? मोबाइलवर खालचे आकडे कसे टाइप करता, तेही सांगा. क्लासची जाहिरात नको, वहीच्या पानाचा फोटो चालेल.